पहिली दुर्बीण: जोडणी, फाइंडर आणि फोकस

नवी दुर्बीण घरी आली की त्याच रात्री ती गच्चीवर नेऊन अंधारात जोडायची आणि दिसेल त्या ताऱ्यावर रोखायची, हा मोह आवरलेला बरा. ‘काहीच स्पष्ट दिसत नाही’ अशी तक्रार असलेली दुर्बीण तपासायला घेतली, तर तिचे भिंग सहसा निर्दोष निघते. चुकलेला असतो तो कामांचा क्रम. आयपीस, म्हणजे डोळा लावायचे लहान भिंग, नको तो लावलेला, नेम धरायचा फाइंडर न जुळवलेला, ट्रायपॉड डळमळता आणि भोवतालची हवा तापलेली, अशा अवस्थेत फोकसचे चाक कितीही फिरवले तरी हाती काही लागत नाही. म्हणून फोकस हे शेवटचे काम समजावे आणि त्याआधीची बहुतेक कामे दिवसाउजेडी उरकून घ्यावीत.

सोयीसाठी पुढील विवेचन ७० मिलिमीटर व्यासाचे भिंग आणि ७०० मिलिमीटर केंद्रांतर (भिंगापासून ते प्रकाश जेथे एकवटते तेथपर्यंतचे अंतर) असलेल्या, वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या साध्या ट्रायपॉडवरच्या दुर्बिणीला धरून केले आहे, कारण नवशिक्यांच्या घरी बहुधा हीच किंवा हिच्या जवळपासची दुर्बीण येते. आरशाच्या दुर्बिणीत जेथे पद्धत वेगळी आहे, तेथे तसे सांगितले आहे.

खोक्यावरचा आकडा आणि खरा आकडा

खोक्यावर ‘५२५ पट’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. हा आकडा कोठून येतो ते एकदा पाहून घ्यावे, म्हणजे पुढचा बराच मनस्ताप वाचतो. दुर्बिणीच्या केंद्रांतराला आयपीसच्या केंद्रांतराने भागले की वस्तू किती पट मोठी दिसेल ते कळते. ७०० ला २५ ने भागले तर २८ पट, १० ने भागले तर ७० पट आणि ४ ने भागले तर १७५ पट. त्यावर तिप्पट करणारे बार्लो भिंग लावले की ५२५ हा आकडा कागदावर तयार होतो. प्रत्यक्षात दुर्बिणीच्या व्यासाच्या मिलिमीटरमागे साधारण दोन पट ही उपयुक्त मर्यादा असते, म्हणजे ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीला उत्तम हवेतही १४० पटीच्या पुढे नवीन काही दिसत नाही. तेच चित्र अधिक मोठे, अधिक अंधुक आणि अधिक थरथरते होऊन समोर येते. माझे स्पष्ट मत असे आहे की सोबत ४ मिलिमीटरचा आयपीस आणि प्लॅस्टिकचे तिप्पट बार्लो आले असेल, तर दोन्ही पहिले काही महिने खोक्यातून बाहेर काढूच नयेत.

दुर्बिणीचे खरे बळ पटींत नसून व्यासात असते. अंधारात पूर्ण विस्फारलेली डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरची होते. ७० मिलिमीटरचे भिंग तिच्या शंभरपट क्षेत्रफळावरचा प्रकाश गोळा करते. त्यामुळे २५ मिलिमीटरच्या आयपीसमधून केवळ २८ पटीत पाहतानाही नुसत्या डोळ्यांना न दिसणारे असंख्य तारे दिसू लागतात. सुरुवात नेहमी याच आयपीसने करावी. आयपीसवर जितका मोठा आकडा, तितकी पट कमी आणि आकाशाचा दिसणारा तुकडा मोठा, एवढे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही.

दिवसा करायची जोडणी

प्रथम ट्रायपॉड उभा करावा. त्याचे पाय पूर्ण लांब करण्याचा मोह टाळावा; पाय जितके बाहेर काढावेत तितके ते अधिक थरथरतात. पाय निम्मेच काढून प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून पाहिले, तर चित्रही स्थिर राहते आणि पाठही दुखत नाही. तिन्ही पायांना जोडणारी मधली तबकडी किंवा पट्ट्या नीट बसवून सर्व चापस्क्रू हाताने घट्ट करावेत. पक्कड वापरू नये, कारण प्लॅस्टिकचे आटे लगेच झिजतात. ट्रायपॉड हलका असेल तर मध्यभागी पाण्याची भरलेली बाटली किंवा वाळूची पिशवी टांगावी. मात्र ती लोंबकळत झुलता कामा नये, जमिनीला जेमतेम टेकलेली असावी. नळी बसवल्यावर तिच्यावर बोटाने हलकी टिचकी मारून पाहावी. थरथर दोन-तीन सेकंदांत थांबत नसेल, तर एखादा स्क्रू सैल राहिला आहे असे समजून तो शोधावा.

नळीच्या मागच्या टोकाला फोकसर असतो. दोन बाजूंच्या चाकांनी आतबाहेर सरकणारी ही नळी हाच फोकसचा सारा कारभार. तिच्यात आधी डायगोनल बसवायचा, म्हणजे प्रकाशाला काटकोनात वळवणारा आरसा किंवा प्रिझम, आणि डायगोनलमध्ये आयपीस. डायगोनल अनावश्यक समजून आयपीस थेट फोकसरमध्ये घातला, तर या प्रकारच्या बहुतेक दुर्बिणींत फोकस येतच नाही, कारण डायगोनलमधून प्रकाशाला जेवढे अंतर कापावे लागते ते हिशेबात धरूनच फोकसरच्या नळीची लांबी ठरवलेली असते. उलट बाजूची चूक म्हणजे डायगोनल, बार्लो आणि चित्र सरळ करणारे भिंग असे सगळेच एकापुढे एक जोडून ठेवणे. सुरुवातीला फोकसर, डायगोनल आणि २५ मिलिमीटरचा आयपीस, एवढी तीनच माणसे कामावर असावीत. आयपीस तळापर्यंत बसला आहे ना हे पाहून त्याचा लहान स्क्रू नुसता टेकवावा.

पुढचे झाकणही तपासावे. पुष्कळ दुर्बिणींच्या मोठ्या झाकणात एक लहान झाकण असते, आणि तेवढेच काढून आख्खी रात्र ‘अंधुक दिसते’ म्हणत काढलेले लोक थोडे नाहीत. लहान भोक प्रकाश कमी करण्यासाठी असते. एरवी पूर्ण झाकण काढायचे.

दिवसाच्या या सगळ्या कामात एक नियम कोणत्याही कारणाने मोडायचा नाही. दुर्बीण अशा जागी ठेवावी की ती कशीही फिरली तरी सूर्य तिच्यासमोर येऊ शकणार नाही; इमारतीची सावली किंवा सूर्याच्या विरुद्ध दिशेची खिडकी यासाठी योग्य. सूर्य क्षणभर जरी दुर्बिणीतून किंवा फाइंडरमधून डोळ्यांत आला, तरी दृष्टिपटल कायमचे जळते, आणि त्या वेळी वेदना होत नसल्यामुळे ते लगेच कळतही नाही. आयपीसला मागून लावायचा लहान काळा सौर फिल्टर काही जुन्या संचांबरोबर येई. त्यावर एकवटलेली उष्णता पडून तो अचानक तडकू शकतो, म्हणून असा फिल्टर सापडल्यास तो सरळ फोडून टाकावा. सूर्य पाहायचाच असेल तर दुर्बिणीचे पूर्ण तोंड झाकणारा, खास त्यासाठी बनवलेला फिल्टर पुढच्या बाजूला घट्ट बसवावा, आणि फाइंडर काढून ठेवावा.

फाइंडर जुळवणे

नळीच्या पाठीवर बसवलेली लहान शोधक दुर्बीण किंवा लाल ठिपका दाखवणारे साधन म्हणजे फाइंडर. २८ पटीतही आकाशाचा जेमतेम पावणेदोन अंशांचा तुकडा दिसतो, आणि ७० पटीत तो पाऊण अंशापेक्षाही लहान होतो. पूर्ण चंद्राची रुंदी अर्धा अंश असते, यावरून हे छिद्र किती अरुंद आहे याची कल्पना यावी. फाइंडर जुळवलेला नसेल तर एवढ्याशा छिद्रातून चंद्र सापडायलासुद्धा दहा मिनिटे जातात आणि ग्रह तर सापडतच नाही.

जुळवणी अशी करावी. किमान एक किलोमीटर दूर असलेली, हलत नसलेली आणि टोक स्पष्ट असलेली वस्तू निवडावी: मोबाइलच्या टॉवरचे टोक, टेकडीवरच्या देवळाचा कळस, पाण्याच्या टाकीचा कोपरा. वस्तू जवळची घेऊ नये, कारण फाइंडर आणि मुख्य नळी यांच्यात चार बोटांचे अंतर असते आणि जवळच्या वस्तूकडे पाहताना त्या अंतरामुळेच जुळवणी तिरकी होते. आधी नळीवरून डोळ्याने अंदाज घेत ती वस्तू २५ मिलिमीटरच्या आयपीसमध्ये आणावी, फोकस करावी, बरोबर मध्यभागी घ्यावी आणि ट्रायपॉडच्या दोन्ही हालचालींचे स्क्रू आवळावेत. मग मुख्य नळीला धक्का न लावता फाइंडरमध्ये पाहावे. त्याच्या कड्याला तीन स्क्रू असतात, किंवा दोन स्क्रू आणि समोर एक स्प्रिंग असते. एक स्क्रू थोडा सैल करून समोरचा तेवढाच आवळत वस्तू फुलीवर आणावी. नंतर पुन्हा आयपीसमध्ये पाहून ती मध्यावरून हलली नाही ना याची खात्री करावी. बहुतेक वेळा ती हललेली असते आणि हा फेरा पुन्हा एकदा करावा लागतो. शेवटी १० मिलिमीटरचा आयपीस लावून तीच जुळवणी बारकाईने पक्की करावी.

स्वस्त संचांतील ५ पट, २४ मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा फाइंडर चित्र उलटे दाखवतो, शिवाय अंधुक असतो. शहरातून पाहणाऱ्याला मला तरी लाल ठिपक्याचा फाइंडर अधिक सोयीचा वाटतो, कारण दोन्ही डोळे उघडे ठेवून ठिपका थेट ताऱ्यावर टेकवता येतो. त्याच्या बटनासारख्या सेलखाली प्लॅस्टिकची पारदर्शक चकती असते. ती काढल्याशिवाय दिवा लागत नाही. काम झाल्यावर तो बंद करायला विसरू नये, नाहीतर पुढच्या वेळी सेल संपलेलाच मिळतो.

दिवसाचा फोकस, आणि पेन्सिलीची खूण

दूरच्या टॉवरवर फोकस करताना एक गोष्ट समजून घ्यावी, ती रात्री कामाला येते. वस्तू जितकी जवळ, तितकी फोकसरची नळी अधिक बाहेर काढावी लागते. ७०० मिलिमीटर केंद्रांतराच्या दुर्बिणीत दहा मीटरवरच्या वस्तूसाठी ती ताऱ्यांच्या स्थितीपेक्षा पाच सेंटिमीटरहून अधिक बाहेर जाते, शंभर मीटरवरच्या वस्तूसाठी सुमारे पाच मिलिमीटर, आणि एक किलोमीटरवरच्या वस्तूसाठी अवघा अर्धा मिलिमीटर. याचाच अर्थ असा की दूरच्या टॉवरवर दिवसा साधलेला फोकस आणि रात्री चंद्रावर लागणारा फोकस यांत जवळजवळ फरक नसतो, तर समोरच्या इमारतीतल्या कुंडीवर साधलेला फोकस रात्री निरुपयोगी ठरतो.

याचा फायदा घेण्यासाठी फोकसरच्या सरकत्या नळीवर कागदी चिकटपट्टीचा एक पट्टा लावावा, आणि टॉवर स्पष्ट दिसत असताना नळी जेथून बाहेर येते तेथे पेन्सिलीने रेघ मारून तिच्याशेजारी ‘२५’ असे लिहावे. मग १० मिलिमीटरचा आयपीस लावून पुन्हा फोकस करावा आणि त्याची वेगळी रेघ मारावी. दोन्ही आयपीसांच्या रेघा सहसा एकाच जागी येत नाहीत, आणि आयपीस बदलला की फोकस का जातो याचे उत्तर डोळ्यांसमोर मिळते. रात्री अंधारात आधी नळी रेघेवर आणायची आणि मगच आकाशाकडे पाहायचे. फोकस खूपच बिघडलेला असेल तर मंद तारे पसरून अदृश्यच होतात, आणि दुर्बीण बरोबर रोखलेली असूनही समोर काही नाही असा समज होतो. पेन्सिलीची ही रेघ नेमकी त्या वेळी उपयोगी पडते.

रात्रीची जागा आणि हवा

सोसायटीच्या गच्चीची किल्ली मिळवणे हा शहरातला पहिला अडथळा असतो, आणि तो पार करूनही गच्ची ही सर्वोत्तम जागा असतेच असे नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, वर जाणारी गरम हवा लहरत असते आणि त्यातून पाहिलेला ग्रह पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो. मार्च ते मे या काळात हा त्रास फार होतो. शक्य असल्यास माती किंवा गवत असलेले अंगण निवडावे, नाहीतर गच्चीवर रात्री उशिरा जावे. एसीचे बाहेरचे यंत्र, धुराडे, पत्र्याचे छप्पर यांच्यावरून जाणारी नजर टाळावी. बंद खिडकीच्या काचेतून तर पाहूच नये. ती काच दुर्बिणीच्या भिंगासारखी सपाट-सुबक घासलेली नसते. उघड्या खिडकीतूनही आतली उबदार आणि बाहेरची गार हवा एकमेकींत मिसळून चित्र बिघडवते.

दुर्बीण बाहेर नेल्यावर तिला बाहेरच्या तापमानाशी जुळू द्यावे. लहान भिंगाच्या दुर्बिणीला पंधरा-वीस मिनिटे पुरतात, आरशाच्या मोठ्या दुर्बिणीला अर्धा ते पाऊण तास लागतो. तोवर डोळेही अंधाराला सरावतात. पूर्ण सराव व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पांढऱ्या उजेडात तो क्षणात मोडतो. आकाशकंदिलातून उरलेला लाल जिलेटिन कागद दुहेरी करून टॉर्चवर बांधला, तर नकाशा वाचण्यापुरता उजेड मिळतो आणि डोळ्यांचा सरावही टिकतो. चंद्र पाहायचा असेल तर या सरावाची गरज नाही.

क्षितिजालगतच्या वस्तू पहिल्या रात्री निवडू नयेत. तेथून येणारा प्रकाश धूळ आणि लहरत्या हवेच्या फार जाड थरातून येतो. तीस अंशांच्या वर असलेले लक्ष्य घ्यावे.

चंद्रापासून सुरुवात

पहिल्या रात्रीसाठी शुक्ल पंचमी ते दशमीचा चंद्र निवडावा, पौर्णिमेचा नव्हे. पौर्णिमेला प्रकाश समोरून पडल्यामुळे विवरांना सावल्याच नसतात आणि चंद्र सपाट, डोळे दिपवणारा दिसतो. त्याआधीच्या तिथींना प्रकाश आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या कडा धारदार सावल्या टाकतात, आणि फोकससाठी याहून चांगली खूण नाही. पंचमी-षष्ठीच्या सुमारास थिओफिलस, अष्टमी-नवमीला चंद्राच्या मध्याजवळ एकाखाली एक असलेली टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि अर्झाकेल ही विवरे, आणि नवमी-दशमीला ९३ किलोमीटर व्यासाचे कोपर्निकस हे या सीमेवर येतात.

फोकस करताना हात नळीवर टेकवू नये, फक्त दोन बोटांनी चाक फिरवावे. चाक सावकाश एका दिशेने फिरवत राहावे. चित्र सुधारत जाईल, स्पष्ट होईल आणि मग पुन्हा बिघडू लागेल. ते बिघडेपर्यंत जाणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय सर्वोत्तम बिंदू मागे राहिला हे कळत नाही. मग उलट फिरवून पुन्हा तो बिंदू ओलांडावा, आणि दर वेळी फेरी लहान करत मधोमध थांबावे. घाईने स्पष्ट दिसताक्षणी थांबणारा माणूस नेहमी थोडा अलीकडेच थांबतो. प्रत्येक हालचालीनंतर थरथर थांबेपर्यंत दोन सेकंद हात काढून घ्यावा आणि मगच निर्णय करावा.

स्वस्त फोकसरमध्ये दाते आणि पट्टी यांच्यात थोडी ढील असते. दुर्बीण वर रोखली की डायगोनल आणि आयपीसच्या वजनाने सरकती नळी खाली, म्हणजे बाहेरच्या बाजूला ओढली जाते आणि साधलेला फोकस हळूच निसटतो. यावर उपाय असा की शेवटची हालचाल नेहमी नळी आत घेणारी ठेवावी, म्हणजे ढील वजनाच्या विरुद्ध बाजूला भरून निघते. आणि मग फोकसरवरचा अडकवण्याचा स्क्रू अगदी हलका टेकवावा.

चष्मा असलेल्यांनी नुसता जवळचा किंवा दूरचा नंबर असेल तर चष्मा काढून पाहावे. तो फरक फोकसर भरून काढतो. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर मात्र चष्मा लावूनच पाहावे, कारण तो दोष फोकसने जात नाही. याच कारणाने घरातल्या प्रत्येकाने आपल्या डोळ्याला जुळेल असा फोकस स्वतः करून घ्यायचा असतो. आजोबांना दिसलेले नातवाला अंधुक दिसले तर नातवाला चाक फिरवू द्यावे, फक्त नळी धरू देऊ नये. डोळा आयपीसला चिकटवूही नये. फार जवळ गेल्यास काळ्या सावल्या नाचतात, किंचित मागे घेतल्यास पूर्ण वर्तुळ दिसते.

पृथ्वीच्या फिरण्यामुळे चित्र सतत सरकत राहते. एका मिनिटात आकाश सुमारे पाव अंश सरकते, म्हणजे २८ पटीत एखादा तारा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सात मिनिटांत जातो आणि ७० पटीत तीनच मिनिटांत. दुसऱ्याला बोलावून दाखवायचे असेल तर वस्तू मध्यभागी न ठेवता ती ज्या कडेने आत येते त्या कडेला ठेवावी. डायगोनलच्या आरशामुळे चित्राची डावी-उजवी बाजू उलटलेली असते, त्यामुळे नळी कोणत्या दिशेला हलवायची याचा सराव व्हायला थोडा वेळ लागतो.

ताऱ्याचा फोकस, आणि वसिष्ठाची परीक्षा

ताऱ्याच्या बाबतीत नियम सोपा आहे: तो जितका लहान दिसेल तितका फोकस बरोबर. कोणत्याही पटीत तारा मोठा दिसत नाही; तो मोठा, गोल तबकडीसारखा दिसत असेल तर फोकस चुकला आहे, आणि या तबकडीला ग्रह समजून छायाचित्रे काढणारेही भेटतात. चाक फिरवून तबकडी आक्रसत नेत शेवटी टाचणीच्या टोकाएवढा बिंदू करायचा. यासाठी व्याधासारखा फार तेजस्वी तारा घेऊ नये, त्याच्या चमचमाटात शेवटचा बारकावा कळत नाही. हिवाळ्यात मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी एखादा किंवा कृत्तिका चांगल्या. कृत्तिकांचे ठळक तारे २८ पटीत एकाच वेळी दिसतात आणि फोकस बरोबर झाला की त्यांच्यामधले मंद तारे एकाएकी उमटतात.

फोकसची कसून परीक्षा घ्यायची असेल तर मार्च ते जून या काळात संध्याकाळी उत्तरेला वर आलेल्या सप्तर्षींकडे वळावे. लग्नात वधूवरांना जी अरुंधती दाखवतात, ती वसिष्ठापासून आकाशात सुमारे १२ कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे आणि चांगल्या डोळ्यांना दुर्बिणीशिवायही दिसते. दुर्बिणीत मात्र खुद्द वसिष्ठच दोन ताऱ्यांचा निघतो. हे दोन तारे एकमेकांपासून अवघ्या १४ विकलांवर (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), म्हणजे अरुंधतीच्या अंतराच्या पन्नासाव्या भागावर आहेत. १० मिलिमीटरच्या आयपीसमध्ये ते स्वच्छ वेगळे दिसले, मध्ये काळी फट दिसली, की फोकस, भिंग आणि हवा तिन्ही ठीक असल्याची ग्वाही मिळते. ते लांबट डागासारखे एकत्र दिसत असतील तर चाक आणखी केसभर फिरवून पाहावे.

डोळ्याचा भरवसा वाटत नसेल तर पुठ्ठ्याची एक युक्ती आहे. नळीच्या तोंडावर बसेल अशी पुठ्ठ्याची चकती कापावी आणि तिच्यात समोरासमोर, कडेजवळ, प्रत्येकी सुमारे २० मिलिमीटरची दोन भोके पाडावीत. ही चकती लावून स्वाती किंवा व्याधासारखा तेजस्वी तारा पाहिला, तर फोकस चुकलेला असताना एकाचे दोन तारे दिसतात. चाक फिरवत गेले की ते एकमेकांकडे सरकतात आणि नेमक्या फोकसला एकच होतात. तेथे थांबून नळी न हलवता चकती काढावी.

ग्रहावर फोकस करताना ग्रहाच्या तबकडीकडे न पाहता शेजारच्या बिंदूंकडे पाहावे. गुरूच्या बाबतीत त्याचे चार उपग्रह आयतेच असतात. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये जे पाहिले तेच हे. उपग्रह बारीक टिंबे झाले की गुरूवरचे दोन पट्टेही दिसू लागतात. शनीसाठी आधी जवळचा एखादा तारा फोकस करावा आणि चाक न हलवता दुर्बीण शनीकडे न्यावी. ७० पटीत कडे वेगळे ओळखू येते, मात्र मासिकातल्या चित्राएवढा शनी दिसेल ही अपेक्षा ठेवू नये. तो वाटाण्याहून लहानच दिसतो.

तरीही बिघाड वाटल्यास

फोकसच्या अलीकडे-पलीकडे चित्र सुधारते आणि बिघडते, पण मधल्या जागी कधीच धारदार होत नाही, असे असेल तर आधी पट कमी करून पाहावी. २८ पटीत स्वच्छ आणि ७० पटीत थरथरते दिसत असेल तर दोष हवेचा आहे. दुसऱ्या रात्री पाहावे. दोन्हींत धुरकट दिसत असेल तर भिंगावर टॉर्चचा तिरका प्रकाश टाकून दव तपासावे. किनाऱ्यालगत आणि थंडीच्या पहाटे ते हमखास जमते. दव पुसू नये. काळ्या जाड कागदाची, व्यासाच्या दुपटीहून थोडी लांब अशी नळी गुंडाळून दुर्बिणीच्या तोंडावर बसवली तर दव धरायला उशीर लागतो आणि बाजूच्या दिव्यांचा उजेडही अडतो. चाक टोकापर्यंत फिरवूनही चित्र सुधारतच राहत असेल, म्हणजे फोकस नळीच्या मर्यादेबाहेर असेल, तर डायगोनल आणि आयपीस तळापर्यंत बसले आहेत का, आणि मध्ये एखादे जास्तीचे भिंग राहिले आहे का, ते पाहावे.

आरशाच्या दुर्बिणीत, म्हणजे ११४ किंवा १३० मिलिमीटरच्या न्यूटनी प्रकारात, डायगोनल लावायचा नसतो. फोकसर नळीच्या पुढच्या टोकाशी बाजूला असतो आणि चित्र पूर्ण उलटे दिसते, ज्याचे आकाशात काही बिघडत नाही. फोकस चुकलेला तारा येथे मध्ये काळे टिंब असलेल्या कड्यासारखा दिसतो, आणि ते काळे टिंब हीच उपयोगाची गोष्ट आहे. तेजस्वी तारा मध्यभागी घेऊन फोकस किंचित बिघडवावा. काळे टिंब कड्याच्या बरोबर मध्ये असेल तर आरसे जुळलेले आहेत, एका बाजूला सरकलेले असेल तर मागच्या मुख्य आरशाचे तीन स्क्रू एका फेऱ्याच्या आठव्या भागाएवढे फिरवत, दर वेळी तारा पुन्हा मध्यभागी आणत, ते मध्यावर आणावे. ही दुर्बीण विषुववृत्तीय माउंटवर, म्हणजे एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवून फिरणाऱ्या बैठकीवर, असेल तर त्याचा तो अक्ष उत्तरेला करून आपल्या गावाच्या अक्षांशाएवढा उचलावा: पणजीला साडेपंधरा अंश, पुण्याला साडेअठरा, मुंबईला एकोणीस, नागपूरला एकवीस. आपल्याकडे ध्रुवतारा इतका खाली असतो की इमारती आणि धुरक्यात तो बहुधा दिसत नाही, पण डोळ्याने पाहण्यापुरते होकायंत्राने साधलेली उत्तर पुरेशी होते.

आरशांची जुळवणी पहिल्यांदा करताना जाणत्या माणसाने शेजारी बसून दाखवलेली बरी. पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईचे खगोल मंडळ यांसारख्या संस्थांच्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांना अशी माणसे भेटतात.

पाहून झाल्यावर

दव पडलेली दुर्बीण आत आणल्यावर लगेच झाकण लावू नये. भिंग खाली झुकवून ते आपोआप वाळू द्यावे आणि मगच झाकावे. धूळ दिसली म्हणून ओढणी, रुमाल किंवा चष्म्याचे फडके फिरवू नये, कारण धुळीचे कण भिंगावर ओरखडे काढतात. रबरी फुग्याने हवा मारून जेवढी उडेल तेवढी उडवावी आणि उरलेली तशीच राहू द्यावी. थोड्याशा धुळीने चित्रात काही फरक पडत नाही. जून ते सप्टेंबर हा काळ भिंगांना सर्वांत वाईट, कारण दमट हवेत काचेवर बुरशी धरते आणि तिचे डाग पुढे निघत नाहीत. आयपीस आणि डायगोनल घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत, पुड्या ओलावल्या की बदलाव्यात, आणि नळी भिंतीला न टेकवता कोरड्या कपाटात ठेवून पावसाने उघडीप दिली की तासभर हवेशीर खोलीत, उन्हापासून दूर, झाकणे काढून ठेवावी.